दूध, गहू, शेंगदाणे, सुंगटे बंद : कमी खर्चात मुलीचा आहार कसा बसवावा?

साखळीची आई

मुलगी ८ वर्षांची, वजन २२ किलो. तपासण्या आणि हॉस्पिटलात देखरेखीखाली खाऊ घालून केलेली चाचणी झाल्यावर डॉक्टरांनी चार गोष्टी पूर्ण बंद केल्या आहेत : दूध, गहू, शेंगदाणे आणि सुंगटे-कुर्ल्या (कोळंबी-खेकडे). अंडे, मासे, नारळ, काजू, तीळ, कडधान्ये चालतात, तसे लिहून दिले आहे.

घरात माणसे चार, पगार एक. दुकानातले ग्लूटेनविरहित पीठ आणि बदामाचे दूध महिनाभर पुरवणे जमण्यासारखे नाही. चपाती-पाव आणि दुधाच्या जागी रोज काय, किती द्यावे? बाकीचे लोक सुंगटे खातात, मासळी बाजारातूनच येते, तर नेमकी कुठे काळजी घ्यायची? शाळेचा डबा आणि चवथ (गणेशचतुर्थी) हेही आहेच. पावसात मासळी महागते तेव्हा काय करावे?

---

नाचणी-कुळीथ

ताई, आधी ती खास पिठे आणणे थांबवा. उकडे तांदूळ, नाचणी, कुळीथ, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), मूग, नारळ, तांबडी भाजी (लाल माठ), तारले (छोटे मासे), बांगडा हे गोंयच्या, म्हणजे गोव्याच्या, स्वयंपाकघरातले रोजचे सामान आहे आणि यात कुठेही गहू नाही की दूध नाही. पैसा जातो तो चपातीसारखी चपाती आणि दुधासारखे दूध शोधण्यात.

प्रथिनांची फार चिंता करू नका. या वयाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम लागतात. एक अंडे ६ ग्रॅम, ४० ग्रॅम मूग किंवा कुळीथ ९ ग्रॅम, बाकीचे भात आणि नाचणीतून सहज भरते. खरी अडचण कॅल्शियमची. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला रोज ६५० मिलिग्रॅम हवे. दूध बंद झाले की ते आपोआप मिळत नाही, मोजून बसवावे लागते. हिशेब असा धरा :

नाचणी ६० ग्रॅम (दोन छोट्या भाकऱ्या, किंवा एक भाकरी आणि एक वाटी तिझान) : सुमारे २२०.
तांबडी भाजी, चिरण्याआधी ७५ ग्रॅम : सुमारे १८०.
तीळ एक मोठा चमचा, भाजून कुटलेले : सुमारे १२०.
कुळीथ ३० ग्रॅम : सुमारे ८०.

झाले ६००. पालेभाजीतले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा काट्यासकट तारले द्या. लहान तारले साफ करून सोलां (आमसुले), मीठ, हळद, मिरची आणि अर्धी वाटी पाणी घालून कुकरमध्ये मंद आचेवर २० ते २५ मिनिटे ठेवा, काटा बोटाने चुरडतो इतका मऊ होतो. तरी पहिल्यांदा देताना एक तारलो उघडून मधला काटा दाबून बघा. एवढे करूनही डॉक्टरांना कमी वाटले तर साधी कॅल्शियमची गोळी देतील, ती बदामाच्या दुधापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

नारळाच्या रसाला दुधाचा पर्याय समजू नका. चवीला आणि ताकदीला उत्तम, पण कॅल्शियम आणि प्रथिने त्यात फारच थोडी. आणि गाईच्या दुधाची अॅलर्जी असताना म्हशीचे किंवा शेळीचे दूधही नको, प्रथिने जवळजवळ तीच असतात.

तिझान : मूठभर नाचणी रात्री भिजत घालायची, सकाळी मिक्सरला वाटून फडक्यातून गाळायची. तो रस, तेवढेच पाणी, गूळ आणि किंचित मीठ एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळायचे. घट्ट होऊन चकाकी आली की अर्धी वाटी नारळाचा रस घालून एक चटका द्यायचा, मग उकळायचे नाही, नाहीतर रस फुटतो. गाठी होतात त्या आच मोठी ठेवल्याने. गाळून राहिलेला चोथा टाकू नका, आंबोळीच्या पिठात जातो. कॅल्शियमचा बराच भाग सालीत असतो, म्हणून रोज तिझानावर न राहता भाकरीही हवीच.

भाकरी : दोन भाग नाचणीचे पीठ, एक भाग तांदळाचे. पाणी खळखळ उकळल्यावरच पीठ घाला, आच बंद करून पाच मिनिटे झाकून ठेवा आणि गरम असतानाच मळा. यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ नीट वाफले तरच ते धरून राहते. कडा फाटत असतील तर पाणी पुरते उकळलेले नव्हते किंवा पीठ जुने आहे.

---

मासळी बाजार

मासळीबद्दल लिहितो. सुंगटे-कुर्ल्यांची अॅलर्जी आणि माशांची अॅलर्जी वेगळी. सुंगटांमधले जे प्रथिन त्रास देते ते शिजवूनही नष्ट होत नाही, म्हणून "नीट शिजवले की चालेल" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तिसऱ्या, शिनाण्यो (शिंपल्यांचे प्रकार), माणके (माकूल) यांच्यातही त्याच जातीचे प्रथिन असते. तुमच्या कागदावर त्यांचा उल्लेख दिसत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

बाजारात धोका आहे तो बर्फाच्या पाण्याचा आणि विळीचा. एकाच ट्रेमध्ये वर बांगडे, खाली सुंगटे, आणि पाणी सगळीकडून गळत असते. जिथे फक्त बांगडे-तारले विकायला आहेत अशा बाईकडून घ्या, कापून घेऊ नका, अख्खा मासा घरी आणून वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा आणि आपल्या विळीवर साफ करा. इसवण (सुरमई), पापलेटाच्या मागे लागायची गरज नाही, पोषण बांगड्यात आणि तारल्यात भरपूर आहे आणि ते अख्खेच विकतात.

ट्रॉलरना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीचे भाव चढतात. त्याची सोय मे महिन्यात पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवण करण्याच्या) वेळीच करायची. पण सुक्या मासळीच्या ढिगाजवळ जपून : सुके बांगडे आणि गालमो (सुकी बारीक सुंगटे) एकाच चटईवर वाळवलेले असतात, गालमोचा भुगा सगळ्याला लागतो. दुकानात शेजारी शेजारी पोती असली तर मुलीसाठी सुकी मासळी नकोच. त्या दोन महिन्यांत अंडी, कुळीथ, अळसांद्यांचे तोणाक (वाटपाची आमटी) आणि मुगागाठी (मोडाच्या मुगाची आमटी) यांवर व्यवस्थित भागते. चण्याची किंवा वाटाण्याची भाजी बाहेरून आली तर त्यात चवीला सुके सुंगट नाही ना, हे विचारा. किसमूर (सुक्या सुंगटांची खोबरे घातलेली कोशिंबीर) तर बघायलाच नको.

घरात सुंगटे शिजवायची असतील तेव्हा मुलीला स्वयंपाकघरात थांबू देऊ नका, वाफेनेही काहींना त्रास होतो. तिचे जेवण आधी करून झाकून ठेवा, सुंगटे शेवटी. भांडी साबणाने घासायची, हातही साबणाने. सॅनिटायझरने जंतू मरतात, प्रथिन तिथेच राहते. लाकडी पोळपाट-लाटणे, लाकडी उलथणे आणि तवा एवढे मात्र तिचे वेगळे हवे, लाकडात गहू मुरतो.

---

बारीक अक्षरे

लपलेला गहू, दूध आणि शेंगदाणा कुठे असतो ते सांगते, कारण घरचे जेवण बरोबर असूनही बहुतेक वेळा गाडी इथे अडते.

हिंग. डबीतला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठात किंवा नुसत्या डिंकात मिसळलेला मिळतो, पण डबीवर वाचून घ्या. नाहीतर हिंग सोडा, तिरफळ आणि लसणीवर आपले सगळे चालते. पापडातही हाच हिंग येतो.

तेल. घाण्यावरचे खोबरेल घेत असाल तर त्याच घाण्यावर शेंगदाणे काढतात का, हे विचारा. घाण्याच्या शेंगतेलात प्रथिन उरते.

सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून जत्रेतले गोबी मंच्युरियन बाद. हॉटेलात मासे रव्यात घोळवतात. तांदळाच्या पिठात घोळवून मागितले तरी तवा आणि तेल तेच, त्यावरच सुंगटे तळलेली असतात. तळलेले मागूच नका.

पाकिटावर "नॉन-डेअरी" लिहिलेल्या क्रीमरमध्येही सोडियम केसिनेट असू शकते, ते दुधाचेच प्रथिन. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ग्लूटेन असलेली धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडे, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट हे पाकिटावर जाहीर करावे लागते. तिसऱ्या-कालवे, तीळ, मोहरी त्या यादीत नाहीत. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, सुटा चिवडा, बेकरीतले बिस्किट यांना लेबलच नसते, त्यामुळे ती मुलीसाठी बंदच समजा. प्रत्येक खरेदीला लेबल पुन्हा वाचा, तीच कंपनी घटक बदलते.

---

साखळीची आई

खूप मदत झाली. तांदूळ आणि नाचणी आम्ही गावच्या गिरणीत दळतो. आधी दोन किलो तांदूळ दळून बाजूला काढले, मग तिचे दळले, तर चालेल का? आणि डब्याचे आणि चवथीचे कुणी सांगाल का?

---

नाचणी-कुळीथ

गिरणीचे नाही चालणार. जात्याच्या खाचांत, पेटीत आणि पीठ पडते त्या कापडी पिशवीत गहू राहतो. पहिले दोन किलो गेले तरी तो पूर्ण निघत नाही, आणि गिरणीत उभे राहिले तरी हवेत पीठ असतेच. तांदूळ धुऊन फडक्यावर सुकवून घरच्या मिक्सरला २०० ग्रॅमच्या घाण्याने दळा, चाळा, जाड राहिलेले पुन्हा फिरवा. एकदम जास्त घातले तर भांडे तापते आणि पिठाला वास लागतो. नाचणी कडक, तिच्यावर मिक्सरचे पाते लवकर बोथट होते. तिची भाकरी हवी असेल तर आठवड्यापुरतीच दळा, बाकी भिजवून वाटलेल्या पिठाची घावणे करा.

डब्यासाठी घावण : एक वाटी तांदूळ ५ तास भिजवून गंधासारखे बारीक वाटा, एकूण पाणी दोन ते सव्वादोन वाट्या, पीठ ताकासारखे पातळ. दर वेळी डावाने तळापासून ढवळा, नाहीतर शेवटची घावणे जाड होतात. तवा चांगला तापलेला हवा. जाळी पडत नसेल तर पीठ घट्ट आहे, चिकटत असेल तर तवा थंड आहे. घडी घालून आत चून (गूळ-खोबऱ्याचे सारण) भरा आणि डब्यात केळीच्या पानात गुंडाळा, दुपारपर्यंत मऊ राहते. दुसऱ्या दिवशी अंड्याची पोळी आणि भाकरी, तिसऱ्या दिवशी अळसांद्यांची सुकी भाजी. शाळेत माध्यान्ह आहार पाव-भाजीचा असतो त्या दिवशी डबा लागेलच. वर्गशिक्षिकेला चार पदार्थांची नावे लिहून द्या आणि डब्यांची अदलाबदल होऊ नये हे तोंडीही सांगा.

चवथीला अडचण फक्त नेवऱ्यांची (करंज्यांची). मैद्याऐवजी तांदळाचे पीठ घेऊन नेवरी तळायला जाऊ नका, पारी तेलात फुटते आणि सारण बाहेर येते. त्याऐवजी हळदीच्या पानातल्या पातोळ्या करा : वाटलेले तांदूळ पानावर पातळ सारवून, चून घालून, पान दुमडून १५ मिनिटे उकडा. उकड्या मोदकांच्या पारीत दूध-तूप न घालता खोबरेल घाला. तुपातही दुधाचे प्रथिन थोडे राहते. खतखते (मिश्र भाज्यांची आमटी) आणि मुगागाठी दोन्ही जशीच्या तशी चालतात, फोडणीचा हिंग तेवढा वगळा.

---

औषधपेटी

खर्चाच्या बाजूने दोन गोष्टी. "शंभर पदार्थांची अॅलर्जी" दाखवणाऱ्या आयजीजीच्या (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांच्या) तपासण्यांवर पैसे घालवू नका, त्यांनी अॅलर्जी ठरत नाही, उगाच खाणे कमी होते. मात्र दुधाची आणि गव्हाची अॅलर्जी बऱ्याच मुलांमध्ये वयानुसार जाते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती तपासणी पुन्हा करून घ्या. शेंगदाणे आणि सुंगटांची सहसा टिकते. घरी थोडे चाखवून बघणे नको.

तीव्र झटक्याला अॅड्रेनलिनच लागते. अॅलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, श्वास आणि रक्तदाब सावरत नाही. अॅड्रेनलिन भरलेले तयार इंजेक्शन-पेन आपल्याकडे मिळायला कठीण आणि महाग, अॅड्रेनलिनची साधी कुपी स्वस्त आहे. २२ किलोला किती, कोणत्या सिरिंजने, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसे द्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून आणि करून दाखवून घ्या, आणि तोच कागद शाळेतही ठेवा. कुपी उजेडापासून आणि उन्हापासून दूर ठेवा, गाडीत नको. मुदत संपायच्या आधी बदला. पुरळासोबत घरघर, आवाज बसणे, वारंवार उलटी किंवा गळून जाणे दिसले की इंजेक्शन आधी, मग १०८ ला फोन. मुलीला आडवे ठेवा, पाय थोडे उंच, उभे करू नका की चालवू नका. श्वास लागत असेल तर टेकवून बसवा. बरे वाटले तरी हॉस्पिटलात न्यायचेच, काही तासांनी झटका परत येऊ शकतो.