मदत हवी आहे: फॅसिझमचा अमेरिकन अध्यक्षांवर खरंच प्रभाव पडला होता का?

सांजवारा:
नमस्कार मंडळी, तीन दिवस शोधतेय, आता डोकं गरगरायला लागलंय. लेकीचा निबंध आहे या विषयावर, तिने रूझवेल्टवर लिहिला तर टीचरनी "साम्य दाखवलंस, प्रभाव कुठे दाखवलास?" असा शेरा मारून परत दिला. नेटवर एक म्हणतो तो फॅसिस्टच होता, दुसरा म्हणतो काहीच संबंध नाही. होता की नव्हता तेवढं सांगा, शुक्रवारी द्यायचाय.

कडूलिंब:
कुठला रूझवेल्ट ताई, थिओडोर की फ्रँकलिन? लेक कितवीत? आणि तिने काय लिहिलंय ते टाकल्याशिवाय कोण कसं सांगणार?

रानवाट:
रूझवेल्ट सोडा, ट्रम्पवर लिहायला सांगा. त्यांचेच माजी चीफ ऑफ स्टाफ जॉन केली २०२४ मध्ये म्हणाले की ते फॅसिस्टच्या व्याख्येत बसतात, अजून काय पाहिजे?

कडूलिंब:
रानवाट, व्याख्येत बसणं वेगळं आणि तो विचार कुठून आला ते दाखवणं वेगळं. टीचरनी निबंध परत दिला तो याच कारणासाठी ना?

सांजवारा:
फ्रँकलिन हो, न्यू डीलवाला, १९३० च्या मंदीतून देश बाहेर काढायच्या योजनांवाला. अकरावीत आहे, न्यू जर्सीला. सगळा भर एनआरएवर आहे.

माळरान:
माझा मुलगा याच्यातून गेलाय. निबंध तिचा तिला लिहू द्या, आणि एपी हिस्टरी घेतली नसेल तर आत्ताच घ्या, कॉलेजला उपयोग होतो. आणि एनआरए म्हणजे बंदूकवाले, त्यांचा न्यू डीलशी काय संबंध?

पिंपळपान:
माळरान, ती वेगळी. ही नॅशनल रिकव्हरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, १६ जून १९३३ ला सही झालेल्या कायद्याची, निळ्या गरुडाचं चिन्ह असलेली. एकेका धंद्याचे मालक एकत्र बसून भाव, पगार, कामाचे तास ठरवणार आणि सरकार त्यावर शिक्का मारणार, म्हणून ती मुसोलिनीच्या फॅसिस्ट इटलीतल्या कॉर्पोरेट स्टेटसारखी दिसते, तिथेही धंदेवार संघ सरकारच्या हाताखाली होते. प्रमुख ह्यू जॉन्सन, त्याने मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्सना एका इटालियन फॅसिस्टचं पुस्तक वाचायला दिलं होतं. खुद्द रूझवेल्टने जून १९३३ मध्ये रोममधल्या आपल्या राजदूताला लिहिलं की मुसोलिनीने जे केलंय त्याने मी प्रभावित झालोय. हे सगळं तिने लिहावंच, लपवू नये. पण हाच जॉन्सन १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, वॉर इंडस्ट्रीज बोर्डात होता, उद्योगांना सरकारी दोरीत बांधायचं तिथेच शिकला, आणि मुसोलिनी सत्तेवर आला १९२२ ला. जनरल इलेक्ट्रिकच्या जेरार्ड स्वोपने १९३१ मध्ये अशीच योजना मांडली तेव्हा आधीच्या अध्यक्षांनी, हूवरने, ती नाकारली. म्हणजे मूळ घरचंच आहे, इटलीचं कौतुक वरून आलं. आणि २७ मे १९३५ ला ब्रुकलिनच्या कोंबडीवाल्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ९-० ने कायदा उडवला, रूझवेल्ट चिडला पण मानलं त्याने. इटलीत तोवर विरोधी पक्षच उरले नव्हते.

रानवाट:
आणि १९४२ ला सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं, ते कोर्टाने मानलं की. त्याचं काय?

पिंपळपान:
ते भयंकरच होतं, मी कुठे झाकतोय? पण तो वंशद्वेष तिथला जुना, कॅलिफोर्नियात मुसोलिनीच्याही आधीचा. उलट इथे गंगा उलटी वाहिलीय, १९३५ चे ज्यूंविरुद्धचे न्यूरेंबर्ग कायदे करताना नाझी वकिलांनी अमेरिकेतले वंशभेदाचे कायदे अभ्यासले होते.

कडूलिंब:
ताई, पत्राची तारीख तिने निबंधात कुठे घातलीय ते बघा.

सांजवारा:
पहिल्याच परिच्छेदात, आणि पुढे लिहिलंय "त्यामुळे एनआरए आली". आत्ताच तिने शोधलं, रूझवेल्टने हा कायदा काँग्रेसकडे मागितला १७ मे ला. पत्र त्याच्या नंतरचं. तो परिच्छेद ती आता नव्याने लिहितेय.