मदत हवी आहे: डिव्हायडिंग हेड कुठल्या बनावटीचं?

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये जुन्या हॉरिझॉन्टल मिलिंग मशीनसोबत आलेलं डिव्हायडिंग हेड (जॉब मोजून समान भागांत फिरवायचं साधन) ओळखायचंय. नेमप्लेट गेलीय, रिव्हेटची दोन भोकं उरलीत.

हँडलचे ४० फेरे म्हणजे स्पिंडलचा एक. फेरे मोजायच्या भोकांच्या प्लेटच्या एका बाजूला २४ ते ४३, उलट बाजूला ४६ ते ६६ भोकांची वर्तुळं, म्हणजे सिनसिनाटी या अमेरिकन कंपनीची पद्धत. स्पिंडलच्या भोकाचा टेपर (आत निमुळतं होत जाणं) मात्र वेगळा. तोंडाशी ३२ मिमी, ५० मिमी आत २९.८५. नेहमीचा प्रमाणित मोर्स ४ टेपर असता तर तेवढ्यात २.६ मिमी उतरला असता, इथे २.१५च. म्हणून ब्राउन अँड शार्प या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा १० नंबरचा टेपर वाटतो. मोर्सचा सेंटर (जॉबला टोकाशी धरणारी अणी) घातला की फक्त जाड टोकाला धरतो, आतलं टोक मोकळं राहून जॉब हलतो. कृपया कुणी तसा लावू नका.

हेडला जोडायचे बदलते (चेंज) गिअरही ब्राउन अँड शार्पच्याच संचाचे, त्यातला ८६ दात्यांचा गायब. १०० दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास १८५ मिमी, म्हणजे १४ डीपी (व्यासाच्या दर इंचाला १४ दाते). ८६चा ब्लँक (दाते कापण्याआधीची चकती) १५९.६ मिमीचा लागेल. ४३च्या वर्तुळावर दर दात्याला २० भोकं सरकवून याच हेडवर तो कापता येईल. त्यासाठी १४ डीपीचा २ नंबरचा गिअर कटर ठाणे-रबाळे भागात कुणाकडे आहे का?

शिवाय बीडाचा एक ठोकळा आहे: वर व्ही-खाच, खाली उंची बदलायचा स्क्रू, बाजूला लॉकबोल्ट. लांब शाफ्टला मधून आधार देणारा जॅक असावा. असा हेड-जॅकचा जोड कुणी पाहिला असेल तर तळाच्या चावीचं (मशीनच्या टेबलाच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीचं) माप सांगा, इथे १६ मिमी भरतंय.