‘हॅड’ कधी ‘होतं’, कधी ‘लागलं’, कधी ‘असतं तर’?

निपाणीकर: दहावीच्या पोरांना इंग्रजीतलं ‘हॅड’ शिकवायचंय. ‘गेलो होतो’ला ‘हॅड गॉन’ लिहिलं की कधी बरोबर, कधी काट. नियम काय, सांगा की ओ.

सीमेवरचा मास्तर: काट योग्यच आहे. ‘मी काल खानापूरला गेलो होतो’ हे मराठीत साध्या भूतकाळासारखंच चालतं. कन्नडमधलं ‘होगिद्दे’ही तसंच, म्हणून आपल्या भागात ही चूक दोन्हीकडून पक्की होते. इंग्रजीत नुसतं कालचं जाणं सांगायचं तर ‘वेंट’. ‘हॅड गॉन’ला नंतर घडलेली दुसरी गोष्ट लागते, त्याच वाक्यात नाहीतर आधीच्या बोलण्यात.

‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट’ म्हणजे पोचायच्या आधीच गाडी गेलेली. ‘द बस लेफ्ट’ लिहिलं तर तुम्ही पोचलात आणि मग गाडी सुटली. बिफोर, आफ्टर असेल तर क्रम तसाही कळतो, तिथं साधा भूतकाळ चालून जातो. आणि हॅडपुढे तिसरंच रूप. ‘हॅड वेंट’ नको.

अनगोळ नाका: ‘माझ्याकडे सायकल होती’, ‘मला ताप होता’, ‘मला दोन भाऊ होते’, तिन्हींना ‘आय हॅड’. पोरं ‘माझ्याकडे’चं ‘नियर मी’ करतात, ते आधी मोडा. ‘डिड’ आला की हॅडचं हॅव होतं: ‘डिड यू हॅव फीव्हर?’ ‘जावं लागलं’ म्हणजे ‘हॅड टू गो’, ‘जावं लागलं नाही’ म्हणजे ‘डिडन्ट हॅव टू गो’.

निपाणीकर: आणि ‘असतं तर’?

सीमेवरचा मास्तर: ‘कळलं असतं तर आलो असतो’. मराठीत दोन्हीकडे ‘असतं-असतो’, म्हणून पोरं दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ठोकतात. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड नोन’, दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव कम’. ‘इफ’ गाळून ‘हॅड आय नोन’ही होतं, पण ते पुस्तकी. दहावीला ओळखता आलं तरी पुष्कळ.

अनगोळ नाका: ‘हॅड बेटर’ राहिलं. रूप भूतकाळाचं, अर्थ आत्ताचा: ‘यू हॅड बेटर गो’, म्हणजे ‘तू गेलेलं बरं’, नाहीतर पंचाईत होईल. मध्ये ‘टू’ नाही. वडीलधाऱ्यांना म्हणू नये, दटावल्यासारखं लागतं.