ड्रोन खरेदीची ढिलाई: सगळं खापर बाबूंवरच?

खाडीपट्टा (धागाकर्ता): काल इथे एकाने लिहिलं, 'संरक्षण खात्यातल्या बाबूंना घरी बसवा, चिपळुणात लग्नं शूट करणाऱ्या पोरांना कंत्राट द्या, सहा महिन्यांत सैन्य सज्ज.' डोकंच फिरलं. लग्नातला ड्रोन अर्ध्या तासात बॅटरी मागतो, इथे जॅमिंगमध्ये, म्हणजे शत्रू सिग्नल तोडत असताना टिकायचंय. 2025 च्या फेब्रुवारीत सैन्याच्या 400 मालवाहू ड्रोनची कंत्राटं चिनी सुट्या भागांच्या भीतीने रद्द झाली. ही पोरं भाग कुठून आणणार, रत्नागिरीच्या बाजारातून? आणि डीआरडीओचा देशी ड्रोन 'तपस'? 2011 चा प्रकल्प, अट 30,000 फूट उंची आणि सलग 24 तास उडण्याची. गाडं 28,000 आणि 18 च्या आसपास अडलं. तिथे कुठली फाइल आडवी आली?

फौजी_खेड: सोयीचं तेवढंच सांगताय. नौदलाची एमक्यू-9बी या अमेरिकी ड्रोनसाठी बोलणी 2016 पासून. करार ऑक्टोबर 2024 ला. 31 ड्रोन, सुमारे 32,000 कोटी, आणि यायला 2029 उजाडणार. याच नौदलाने गलवाननंतर 2020 मध्येच दोन भाड्याने आणले की नाही? मनात आणलं की होतं. लडाखला असताना मागितलेल्या दुर्बिणी मी पेन्शनीत गेल्यावर युनिटला पोचल्या. आम्हाला नियमावली शिकवू नका.

खाडीपट्टा: भाड्याचं सांगताय तर पुढचंही सांगा. त्यातला एक सप्टेंबर 2024 ला बंगालच्या उपसागरात गेला.

फौजी_खेड: मग? पडेल म्हणून उडवायचंच नाही?

मिरकरवाडा_तांडेल: तुमचे 30,000 फूट राहू देत. जानेवारी 2025 पासून राज्याचे ड्रोन आमच्याच डोक्यावर फिरतायत, बेकायदा मासेमारी पकडायला. एलईडी दिवे लावून मासे ओढण्यावर 2017 पासून बंदी, तरी रात्री समुद्रात दिवाळी. ड्रोन फोटो काढतो, गस्ती नौका सुटेपर्यंत कर्नाटकातल्या मलपीचे ट्रॉलर राज्याच्या 12 सागरी मैलांच्या हद्दीपार.

देवगड_गजाली: मलपीवाले दिसतत, मोठ्या घेरजाळ्याचो पर्ससीनवालो बाजूचो दिसणा नाय. तेंचे फोटो कोण काढतलो?

मिरकरवाडा_तांडेल: आलास का मूळपदावर! राज्याच्या 2016 च्या आदेशानंतर आम्हा पर्ससीनवाल्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने. त्यातही वादळं. कर्जाचे हप्ते मात्र बारा महिने. आणि मासळी गेली की बोंब आमच्याच नावाने.

देवगड_गजाली: डिसेंबरानंतर तुमच्यो होड्यो काय बंदरात झोपतत? किनाऱ्यावरना ओढूच्या आमच्या रापणीक बांगडो गावणा नाय तो कित्या?

खाडीपट्टा: अहो, धागा लष्करी ड्रोनचा आहे.

फौजी_खेड: तांडेलांनी माझंच म्हणणं सांगितलं. मासळी खात्याला ड्रोन मिळाले, नौदल आठ वर्षं बोलणीच करत बसलं.

खाडीपट्टा: मासळीवरचा ड्रोन कोणी जॅम करत नाही, साहेब. बरं, आठ वर्षं फारच झाली. घ्या पदरात, आता पेढे वाटा. पण लग्नवाल्या पोरांना कंत्राट? तरीही नाहीच.

देवगड_गजाली: ह्यांचा मिटला. आता पर्ससीनचा बोला.

मिरकरवाडा_तांडेल: बोलतो. तुझ्या भावाची मिनी पर्ससीन कुठल्या जेटीला लागते, ते आधी लिही इथे.