मदत हवी आहे: डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालती कशी ठेवता?

मंडळी, एका ओपन सोर्स वेब फ्रेमवर्कच्या (वेब ॲप बनवायच्या तयार सांगाड्याच्या) डॉक्युमेंटेशनचं काम मी अंगावर घेतलंय. कोड लिहिण्यापेक्षा सोपं जाईल असं वाटलं होतं. कसलं काय!

'सुरुवात कशी करावी' हे पान कोऱ्या मशीनवर, एकेक ओळ टाइप करत करून पाहिलं. तिसऱ्याच पायरीला गाडी अडली. जे फंक्शन इम्पोर्ट करायला सांगितलंय, ते दोन आवृत्त्यांपूर्वीच काढून टाकलंय! सोबतचं नमुना ॲप तर इन्स्टॉलच होत नाही, कारण डिपेंडन्सींच्या (ॲपला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररींच्या) आवृत्त्या कुणी पक्क्या केलेल्याच नाहीत.

पायथनमध्ये डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून तपासणारं डॉकटेस्ट आहे. रस्ट भाषेत कार्गो टेस्ट ही कमांड चालवली की लायब्ररीच्या डॉक कॉमेंटमधली (कोडसोबतच लिहिलेल्या माहितीतली) उदाहरणंही तपासली जातात. आमची उदाहरणं मात्र सुट्या मार्कडाउन (साध्या मजकुराच्या) फायलींत पडलेली. ती उचलून सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) चालवायची, की कोड खऱ्या ॲपमध्येच ठेवून हवा तेवढा तुकडा पानात ओढायचा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण मग वरचे इम्पोर्ट गायब होतात आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो.

आणखी एक. नमुना ॲप म्हणून पुन्हा टू-डू लिस्ट नको (वीट आलाय). जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या ट्युटोरियलमध्ये मतदानाचं एकच ॲप टप्प्याटप्प्याने वाढत जातं. तसं करावं, की लॉगिन, फाइल अपलोड, टेस्टिंग अशी वेगवेगळी छोटी ॲप्स द्यावीत? सांभाळणारे आम्ही दोघंच आहोत, तेही नोकरी करून.

कुणी हे निभावलं असेल तर सविस्तर सांगा. फसलेले प्रयोगही चालतील.