गाडीच्या सर्व्हिसचं पुस्तक तुम्ही कितपत पाळता? गोव्यातले अनुभव सांगा

फ्री सर्व्हिस संपल्या की पुस्तक एक सांगतं, सर्व्हिस सेंटर दुसरं आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक तिसरंच. माझं मत, पुस्तकावर विश्वास ठेवावा, पण ते पूर्ण वाचून. ‘१०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ हे सगळ्यांना पाठ असतं. खडतर वापराचा (छोट्या फेऱ्या, धूळ, घाट) वेगळा तक्ता मात्र कुणी उघडत नाही, आणि गोव्यातले निम्मे लोक त्यातच बसतील. गाडी कुठे, कशी चालते तेही लिहा.

चोडण
घर ते फेरी, फेरीत इंजिन बंद, रायबंदरला उतरून पणजी. किलोमीटर वाढतच नाहीत. पण एवढ्या अंतरात इंजिन पुरतं तापत नाही, तेलात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. माझ्या पुस्तकात अशा वापराला ६ महिन्यांनी तेल बदलायला सांगितलंय. मी तसंच करतो.

सावर्डे
आमच्याकडे एअर फिल्टर. खनिजाचे ट्रक सुरू असले की तो बघता बघता लाल होतो. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तसाच फिल्टर कितीतरी जास्त टिकला. गाडी तीच, पुस्तक तेच, फक्त धूळ नव्हती.

फोंडा, स्वतःचं गॅरेज
चोडणच्या दादांचं बरोबर आहे. मी ब्रेक ऑइलबद्दल कळकळीने सांगतो. ते हवेतला ओलावा शोषतं, मग कमी तापमानाला उकळतं. अनमोड घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. बहुतेक पुस्तकांत २ वर्षांची मुदत असते, ती गाडी उभी असली तरी लागू आहे. बोटीवर कामाला असलेल्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने झाकून असतात. ‘चाललीच नाही, कशाला बदलू?’ असं घरचे विचारतात. कृपा करून बदला.

कळंगुट
चवथीनंतर पाऊस ओसरला की गाडी खालून धुऊन घ्या. खाऱ्या हवेने चढणारा गंज पुस्तक थांबवणार नाही.

पर्वरी
माझ्या सर्व्हिस सेंटरने बिलात इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग घातलं होतं. पुस्तक पुढे करून ‘कुठल्या पानावर आहे?’ एवढंच विचारलं, दोन्ही काढली. वॉरंटीसाठी तक्त्यातली कामं वेळेवर करा, बिलं जपा.

म्हापसा
मी थोडा वेगळ्या मताचा. काही कंपन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ‘लाइफटाइम’ म्हणतात, म्हणजे कधी बदलायलाच नको. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र आपल्या गिअरबॉक्सला साधारण ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षं अशी मुदत देते. देखभालीचा खर्च कमी दिसला की गाडी खपते, म्हणून तक्त्यात जिथे बदलायची मुदतच दिलेली नसते ती रिकामी घरं मला जास्त संशयास्पद वाटतात. गाडी १०-१२ वर्षं वापरायची असेल तर हे तेल बदलाच. फोंड्याचे गॅरेजवाले, तुमच्याकडे हे काम होतं का?