निळ्या लाइटमधला जॅझ: फोटो सरळ कृष्णधवल करायचा का?

पाणचक्की (संभाजीनगर)
परवा शहरात जॅझची मैफल झाली. सॅक्सोफोन, पियानो, डबल बास, ड्रम. नंतर सगळ्यांनी टाकलेले फोटो बघितले, तर बहुतेक कृष्णधवल. माझ्या मते ही पळवाट आहे. मंच निळा-जांभळा होता ना, मग तसाच दिसू द्या. बासवाला निळ्यात बुडालेला आणि सॅक्सच्या पितळेवर मागच्या दिव्याची पिवळी कड, यातच तर मजा होती. ती पुसून सगळ्यांना न्यूयॉर्कच्या जुन्या क्लबात कशाला बसवता?

उदगीरकर
काय बोलायलाव दादा! एलईडी पार निळा असला की चेहऱ्यावर लाल प्रकाश पडतच नाही. जो पडलाच नाही, तो व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल सुधारायची सेटिंग) कुठून आणणार? त्यात आपला सावळा रंग निळा उजेड कमीच परतवतो. वर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चारात एकच पिक्सेल निळा. तोंडावर शाई सांडल्यागत फोटो निघतो. वादकाला पाठवला तर विचारतो, "यात मी कुठंय?" रंग तुम्ही ठेवा, मला माणूस पाहिजे.

दिवटी (तुळजापूर)
दोघांचंही पटत नाही. खोट एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घेतला त्यात आहे. मी गोंधळाचे फोटो काढते. दिवटीच्या उजेडात संबळवाल्याच्या चेहऱ्यावर लाल चॅनल आधी फुटतो (तो रंग इतका भरतो की बारकावे जातात), तुमच्याकडे निळा, एवढाच फरक. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) हिरव्याला जास्त वजन देतो, म्हणून निळा फुटला तरी काही दाखवत नाही. लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, गरज पडली तर एखादा स्टॉप खाली या, म्हणजे उजेड निम्मा करा. पुढं रंगीत ठेवा नाहीतर काळा-पांढरा, तुमची मर्जी. (आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, एलईडीचे पट्टे उमटतात.)

पाणचक्की
ताई, ड्रमवाल्याच्या काठ्या फोटोत थांबवायला शटर निदान १/२५० सेकंद लागतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आधीच ६४००. अजून खाली गेलं तर सावलीत नुसते दाणे.

दिवटी (तुळजापूर)
काठ्या थांबवता कशाला? १/६० ठेवा, हलू द्या. सोलो संपला की वादक दुसऱ्याकडे बघतो, तेवढ्यात मान स्थिर असते. तिथं बटण दाबायचं. त्यासाठी गाणं ऐकावं लागतं, स्क्रीन बघून जमत नाही.

नांदेडचा काका
फोटोग्राफर हर्मन लेनर्डनं १९४८ साली न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबात सॅक्सवाल्या डेक्स्टर गॉर्डनचा फोटो काढला. सिगारेटचा धूर, हातात सॅक्स. सगळे त्याचीच नक्कल करायलेत. पण तो धूर क्लबच्या दिव्यानं उजळला नाही. लेनर्ड स्वतःचे फ्लॅश लावायचा, एक स्पॉटलाइटजवळ, एक मागून. ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीचा फोटोग्राफर फ्रान्सिस वुल्फसुद्धा रेकॉर्डिंगला फ्लॅश वापरायचा. मग फोटो 'आहे त्याच उजेडात' काढायचा, हे सोवळं कशापायी?

उदगीरकर
काका, भर सोलोत फ्लॅश मारला तर उचलून बाहेर ठेवतील.

नांदेडचा काका
मारा कोण म्हणलं? साउंडचेकला लवकर जा, लाइटवाल्याला चहा पाजा आणि समोरून एक पिवळा दिवा मंद ठेवायला सांगा. चेहऱ्याला त्यातला लाल मिळाला की मागं कितीबी निळं असू द्या.

पाणचक्की
म्हणजे रंग राहिला. माझंच म्हणणं झालं की!

उदगीरकर
तुमचं कसं? लाइटवाल्यानं ऐकलं तर ना. आपल्याकडं लाइटवाला न् मंडपवाला एकच, आदल्या रात्री लग्नाच्या डीजेवर होता. त्यानं नाही ऐकलं तर मी कृष्णधवलच करणार.